राजापूर: तेरा निवडणुका, चार खासदार

राजापूरच्या गंगेला, म्हणजे तिथल्या अवचित वाहणाऱ्या झऱ्याला, पंचांग लागू नाही. साधारण तीन वर्षांनी ती येते म्हणतात, पण कधी वर्षाच्या आतच उगवते, तर कधी चांगली वाट पाहायला लावते. काँग्रेसचं या भागातलं येणं मात्र गंगेहून दुर्मीळ. १९५७ ते २००४ या काळात राजापूर लोकसभा मतदारसंघात तेरा निवडणुका झाल्या आणि त्यातल्या बारांत काँग्रेस पडली. गंगा बरी म्हणायची.

या तेरा निवडणुकांनी खासदार दिले चारच. बॅरिस्टर नाथ पै तीनदा, प्राध्यापक मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. इंदिराबाईंची लाट आली, जनता पक्षाची आली, सहानुभूतीची आली. या मतदारसंघाने प्रत्येक वेळी आपल्या मनाचं केलं. २००८मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि लोकसभेच्या यादीतून राजापूर हे नाव पुसलं गेलं.

नावाचीही गंमतच आहे. राजापूर शहर मतदारसंघाच्या उत्तर टोकाला. एके काळचं भरभराटीचं बंदर, इथे इंग्रजांची वखार होती, आणि १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी ती खणून काढली. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराची सद्दी संपली. मतदार बहुसंख्य होते ते त्याच्या दक्षिणेला: देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी. १ मे १९८१ रोजी या तालुक्यांचा वेगळा सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तरी दिल्लीच्या लेखी सगळे राजापूरकरच राहिले.

१९५२च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर हा मतदारसंघच नव्हता. तेव्हा रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशा दोन जागा होत्या. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जनरल जगन्नाथराव भोसले आले, दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. दोघेही काँग्रेसचे. पाच वर्षांत चित्र पार पालटलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने गिरणगाव पेटलं होतं आणि गिरणगाव म्हणजे निम्मं कोकणच. परळ-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या चाकरमान्याने गावी पाठवलेल्या पत्रात मनिऑर्डरीच्या रकमेसोबत मत कुणाला द्यायचं तेही येऊ लागलं. १९५७मध्ये रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आणि नव्या राजापुरातून प्रजासमाजवादी नाथ पै असे दोघेही निवडून आले. जनसंघाला त्या साली देशभरात चारच जागा मिळाल्या, त्यातली एक रत्नागिरीची. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मांडवात शेजारी शेजारी बसले होते.

फरक पुढे दिसला. १९६२ला रत्नागिरी काँग्रेसकडे परत गेली. महाराष्ट्रातल्या ४४पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. राजापूर गेलं नाही. म्हणजे १९५७चा निकाल नुसत्या समितीच्या वाऱ्याचा नव्हता, माणसाचाही होता.

हा माणूस वेंगुर्ल्याचा, जन्म २५ सप्टेंबर १९२२चा. वाढला बेळगावात, बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात गेला, मग विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद त्याने भूषवलं. पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या. असा माणूस चौतिसाव्या वर्षी मत मागायला आला ते लाल मातीच्या पायवाटांनी. खाड्यांवर पूल नव्हते. तरीतून पलीकडे जायचं, पुढची वाडी चढणीवर, आणि तिथे पोचल्यावर घरात पुरुष बहुधा नाहीच, तो मुंबईत. सभेला समोर बसलेल्या बायकांची संख्या इथे इतर महाराष्ट्राहून जास्त असायची ती यामुळे. २००१च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०७९. दिल्लीत बसून या मतदारसंघाचा अंदाज बांधणाऱ्यांना हे आकडे कधी दिसले असतील असं वाटत नाही.

नाथ पैंच्या वक्तृत्वाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की भर घालायला नको. मला त्यांच्या श्रोत्यांविषयी बोलायचं आहे. हे श्रोते दशावतारावर वाढलेले. या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. राजा, राक्षस, नारद आपापले संवाद उभ्या उभ्या रचतात आणि समोरचा प्रेक्षक पहाटेपर्यंत जागून कोण अडखळला, कुणी बाजी मारली ते पारखत असतो. अशी पारख पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या लोकांसमोर हा बॅरिस्टर उभा राहिला आणि पास झाला. लोकसभेत त्याचं इंग्रजी ऐकायला सत्ताधारी बाकंही थांबत, हे नंतरचं. पहिली परीक्षा झाली ती सावंतवाडी-वेंगुर्ल्यात.

मतदारसंघाची दक्षिण सीमा १९६१च्या डिसेंबरपर्यंत आंतरराष्ट्रीय सीमा होती, हे आज कुणाच्या लक्षात येत नाही. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज होते. ज्याच्या मावशीचं घर पेडण्यात, त्याला मावशीकडे जायला परदेशात जावं लागे. गोव्याचा प्रश्न नाथ पै लोकसभेत तळमळीने मांडत ते काही पुस्तकी परराष्ट्र धोरण नव्हतं. दुसरी सीमाही त्यांच्या आयुष्यातूनच गेली होती. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. घर म्हैसुरात, मतदार मुंबई राज्यात आणि नंतर महाराष्ट्रात, अशी त्यांची अवस्था शेवटपर्यंत राहिली.

त्यांच्या नावावरचं सगळ्यात मोठं संसदीय काम मात्र कोकणाशी संबंधित नाही. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ठरवलं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं: घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार, मूलभूत हक्कांच्या प्रकरणासकट, तिला परत मिळावा. विरोधी बाकावरच्या माणसाने सरकारचे हात बळकट करणारं विधेयक आणावं, याचं अनेकांना नवल वाटलं. नाथ पैंची भूमिका सरळ होती. जमीनसुधारणा करायच्या तर शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा हवा. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चा रेंगाळली, आणि २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभाच बरखास्त झाली. विधेयक बारगळलं. पुढच्या वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली ती जवळपास त्याच धर्तीवर.

या प्रकरणात नाथ पै चुकले असं माझं मत आहे. संसद अनिर्बंध झाली तर तिचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही. संसदेला काय काय करता येतं ते पाहायला ते राहिले नाहीत. पाहिलं ते त्यांच्या वारसदाराने, तुरुंगाच्या गजाआडून.

१७ जानेवारी हा बेळगावचा हुतात्मा दिन. १९५६मध्ये या दिवशी सीमाप्रश्नावरच्या आंदोलनात गोळीबार झाला होता. १९७१च्या १७ जानेवारीला नाथ पै बेळगावच्या सभेत बोलले. लोकसभा बरखास्त झाली होती, निवडणूक तोंडावर होती, प्रकृती नाजूक होती. सभा संपली आणि काही तासांत, १८ तारखेला, हृदयविकाराने ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मतदान. शिमगा जवळ आलेला. उमेदवार कोण? प्रजासमाजवादी पक्षाने नाव दिलं मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मधु दंडवत्यांचं. ते अहमदनगरचे, म्हणजे कोकणाच्या भाषेत घाटावरचे. घाटावरच्या माणसाला इथे पटकन ओसरीवर घेत नाहीत. त्यात इंदिरा गांधींची लाट. महाराष्ट्रातल्या ४५पैकी ४२ जागा काँग्रेसला मिळाल्या. प्रजासमाजवादी पक्षाला अख्ख्या देशात दोन: बंगालमधल्या कांथीतून समर गुहा आणि राजापुरातून दंडवते. नाथ पैंवरच्या मायेचं मत त्यांना पहिल्यांदा मिळालं, हे खरंच. पण तेवढ्यावर कुणी पाचदा निवडून येत नाही.

चार वर्षांनी, जून १९७५मध्ये, पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी काही खासदार बेंगळुरात जमले होते. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्रा आणि दंडवते. आणीबाणी लागली आणि २६ जूनच्या सकाळी तिथेच त्यांना अटक झाली. दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई पुण्याला येरवड्यात. पुढचे महिनोन् महिने या दोघांचा संसार चालला तो सेन्सॉरच्या हाताखालून जाणाऱ्या पत्रांवर. बाहेर बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेची तोडमोड चालली होती. नाथ पैंनी ज्या अधिकारासाठी विधेयक मांडलं, त्याच अधिकाराचा हा वापर. जनता सरकारने १९७८मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यातलं बरंचसं सावरलं, तेव्हा त्या मंत्रिमंडळात दंडवते होते. राजापूरच्या एका खासदाराने दार उघडावं म्हणून झगडावं आणि दुसऱ्याने त्याला कडी बसवायला हातभार लावावा, असा हा हिशेब.

मार्च १९७७मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. ज्या मतदारसंघाने त्यांना पाठवलं होतं तिथे रूळ एक मीटरसुद्धा नव्हता. राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला या टापूत इंजिनाची शिट्टी कधी ऐकू आली नव्हती. गाडी पाहायची तर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचं. मुंबईला जायची तऱ्हा दोनच: पूर्वापार बोट, जी पावसाळ्यात बंद, आणि रात्रभर वळणं घेत जाणारी एसटी. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याने एसटीच्या टपावर ट्रंक बांधून, मांडीवर पोर घेऊन किती रात्री काढल्या असतील, याची मोजदाद कोण ठेवणार?

दंडवत्यांनी रेल्वेत केलेलं एक काम देशाला आजही पाठीखाली जाणवतं. दुसऱ्या वर्गाचे बर्थ म्हणजे तोवर उघड्या लाकडी फळ्या. दंडवत्यांनी त्यांवर दोन इंचांचा फोम घालायला लावला. १९७४च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं. २६ डिसेंबर १९७७ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, आणि तिला पहिला वर्ग ठेवलाच नाही. समाजवाद पाहायचा असेल तर मला जाहीरनाम्यांपेक्षा हे दोन इंच जास्त पटतात.

फोम आला देशभर, आणि मतदारसंघात मात्र तो घालायला डबाच नव्हता. कोकण रेल्वेची मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांनी तिचा ध्यास घेतला होता, नाथ पै ती संसदेत मांडत राहिले. पण रेल्वे बोर्डाचं उत्तर ठरलेलं: डोंगर, खाड्या, पाऊस, आणि वाहतूक ती किती? मार्ग फायद्यात येणार नाही. साठच्या दशकात दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटा एवढी लाईन झाली आणि आपट्याला येऊन थबकली. दंडवत्यांनी आपटा ते रोहा या पुढच्या तुकड्याला हात घातला. सरकार जुलै १९७९मध्ये गडगडलं. रोह्याला गाडी पोचायला १९८६ उजाडलं. रोहा रायगडात. राजापूर तिथून कुठल्या कुठे.

मधल्या काळात मतदारांनी दंडवत्यांना टाकलं नाही. १९८०ला काँग्रेस राज्यात ४८पैकी ३९ जागा घेऊन परतली, १९८४ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर ४३. त्या ४३च्या बाहेर राहिलेल्या पाच जागांत दोन कोकणच्या होत्या: कुलाब्याला शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर पाटील, राजापुरात दंडवते. राज्यात जनता पक्षाचा तो एकुलता एक खासदार.

मग डिसेंबर १९८९. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. तिजोरीची किल्ली आणि इंजिनाचा दांडा एकाच वेळी कोकण ओळखणाऱ्या दोन समाजवाद्यांच्या हाती येण्याचा हा योग पुन्हा आला नाही. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसा आला असता तर मार्ग आणखी दोन पिढ्या रखडला असता. म्हणून वेगळं महामंडळच काढायचं ठरलं. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा बाजारातून, रोखे काढून. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन प्रमुख झाले, आणि १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. जेमतेम अकरा महिन्यांचं सरकार, आणि त्यात हे काम रुळावर येऊन बसलं.

पुढच्या निवडणुकीत दंडवते पडले.

हे वाक्य लिहिताना आजही हात थबकतो, पण त्यात कृतघ्नता शोधू नये. १९९१मध्ये महाराष्ट्रातलं मतदान राजीव गांधींच्या हत्येनंतर, जूनमध्ये झालं. काँग्रेसने राज्यात ३८ जागा जिंकल्या आणि सुधीर सावंत हे राजापूरचे पहिले, आणि शेवटचे, काँग्रेस खासदार झाले. पण जमीन त्याआधीच सरकली होती. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही, आणि गिरणगाव उठलं. ज्या चाळींतून मनिऑर्डर आणि मत दोन्ही गावी येत होतं, त्या चाळींत आता लाल बावट्याऐवजी भगवा होता. शिवसेना मुंबईहून चाकरमान्याच्या बॅगेतून कोकणात उतरली. १९९०च्या विधानसभेला मालवणातून नारायण राणे निवडून आले. राष्ट्र सेवा दलात घडलेले शिक्षक, खादी घालून सायकलवर फिरणारे कार्यकर्ते म्हातारे झाले होते. त्यांच्या मुलांना नोकरी हवी होती, आणि नोकरी मिळवून देणारा शाखाप्रमुख नाक्यावर उभा होता. अर्थमंत्र्याकडे असं काम घेऊन कोण जाणार? आणि गेला असता तरी दंडवत्यांनी चिठ्ठी दिली नसती.

रेल्वेचं काम मात्र थांबलं नाही. सुमारे ४२ हजार जणांच्या जमिनी घ्याव्या लागल्या, एक्क्याण्णव बोगदे खणले गेले. एखाद्या आंब्या-फणसाच्या कलमाचे पैसे घेताना म्हातारीच्या डोळ्यांत पाणी, आणि त्याच कुटुंबातला पोरगा श्रीधरनच्या ठेकेदाराकडे कामाला, अशी घरोघरची गोष्ट. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सलग मार्ग खुला झाला. तोवर राजापूरने सुरेश प्रभूंना खासदार केलं होतं.

प्रभू हा या गादीवरचा अगदी वेगळा माणूस. चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले, शिवसेनेचे पण शिवसेनेच्या मुशीतले नव्हेत. १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा सलग चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ते ऊर्जामंत्री होते, कामाची वाखाणणी झाली, आणि २००२मध्ये पक्षाच्याच आदेशावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. पक्ष कुठलाही असो, दिल्लीला शिकलेला, बोलता येणारा, हिशेब कळणारा माणूस पाठवायचा, ही राजापूरची खोड शेवटपर्यंत सुटली नाही. अशा माणसाकडून गावातला रस्ता होत नाही, ही तक्रारही शेवटपर्यंत राहिली. दोन्ही खरं आहे.

मधु दंडवते १२ नोव्हेंबर २००५ला मुंबईत गेले. फेब्रुवारी २००८मध्ये पुनर्रचनेचा आदेश निघाला. कऱ्हाड, इचलकरंजी, पंढरपूर, खेड, कुलाबा, डहाणू यांच्याबरोबर राजापूरही गेलं. जुन्या यादीत महाराष्ट्राचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ राजापूर होता. नव्या यादीत पहिला नंदुरबार, आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग शेहेचाळिसावा. या नव्या मतदारसंघात २००९ला प्रभू उभे राहिले आणि काँग्रेसच्या नीलेश राणेंकडून हरले. नोव्हेंबर २०१४मध्ये तेच देशाचे रेल्वेमंत्री झाले, पण हरियाणातून राज्यसभेवर जाऊन. राजापूरने पाठवलेल्या चार माणसांपैकी दोन रेल्वेमंत्री झाले: एक झाला तेव्हा रेल्वे नव्हती, दुसरा झाला तेव्हा मतदारसंघ नव्हता.

नाव उरलंय विधानसभेच्या यादीत आणि कोकण रेल्वेच्या एका फलाटावर. पाटीवर 'राजापूर रोड' लिहिलंय. रोड लिहिलेलं असतं तिथे गाव जवळ नसतं, हे प्रवाशाला ठाऊक असतं. उतरल्यावर शहरात जायला रिक्षा किंवा एसटी बघावी लागते.